तिच्या ग्लासाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

वह्या मिटा. मोबाइल बॅगेत टाका. आज पोर्शन पुढे सरकणार नाही. मागे शिकवलेलंच पुन्हा शिकवणार आहे, कारण ते तुमच्या डोक्यात शिरलेलं नाही, हे काल मी माझ्या कानांनी ऐकलं.

काल प्रॅक्टिकल संपल्यावर तुमच्यातले चौघे लॅबच्या दारात गोव्याच्या सहलीचा बेत आखत होते. बागा की वागातोर, कुठला क्लब, परतायचं किती वाजता. इथवर माझी काही हरकत नव्हती. मग त्यातला एक म्हणाला, "ती नुसता ऑरेंज ज्यूस घेते रे. त्यात दोन लार्ज ओतू, कळणारपण नाही. मग बघ कशी नाचते." बाकीचे तिघे हसले. शेजारी उभ्या दोन मुलीही हसल्या. मी आत ब्युरेट मोजत होते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

बोलणारा कोण ते मला ठाऊक आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण एकाचं नाव घेतलं की हसणारे पाच जण नामानिराळे राहतात. कालच्या त्या बोलण्यात सगळ्यांचा वाटा सारखा आहे.

स्पायकिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? अंधारा क्लब, कुणी अनोळखी माणूस, त्याच्या खिशातली छोटी बाटली, कुणाचं लक्ष नसताना टाकलेले दोन थेंब. असं घडतं, नाही असं नाही. पण दुसऱ्याला न सांगता त्याच्या पेयात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांत सगळ्यांत जास्त वापरला जाणारा पदार्थ दारू हाच आहे. ज्यूस मागणाऱ्या मुलीच्या ग्लासात व्होडका ओतणं, एकाच पेगला हो म्हणालेल्या मुलीसाठी बारटेंडरला डोळ्यांनी खुणावून डबल भरायला सांगणं, हेच स्पायकिंग. आणि हे करणारा बहुधा अनोळखी नसतो. तो तिच्याच टेबलावर बसलेला असतो, तिच्याच वर्गातला असतो, तिने आईला ज्याचं नाव सांगून सहलीची परवानगी मिळवलेली असते तो असतो.

आता हिशेब करा. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहात, एवढा यायला हवा. दोन लार्ज म्हणजे १२० मिली. आपल्याकडच्या व्होडकात अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल झालं सुमारे ५१ मिली, घनतेने गुणलं की ४० ग्रॅम. मुलीचं वजन ५० किलो धरा आणि विडमार्कच्या सूत्रात बायकांसाठीचा ०.५५ हा घटक घाला. उत्तर येतं, १०० मिली रक्तात १४० ते १५० मिलिग्रॅम. गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्या मोटार वाहन कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तिच्या जवळजवळ पाचपट. ज्या मुलीने आयुष्यात दारूला तोंड लावलेलं नाही तिला तुम्ही इथवर नेणार होता, आणि तिला मात्र वाटणार होतं की आपण ज्यूस पितो आहोत. आपण काय पितो आहोत हे ज्याला ठाऊक असतं तो डोकं जड झालं की थांबतो, वर काहीतरी खातो, मैत्रिणीला सांगून खोलीवर जातो. तिला या प्रत्येक गोष्टीपासून तुम्ही तोडणार होता.

पुढचा प्रश्न. तिच्या पर्समध्ये कोणती गोळी असते, तुम्हाला माहीत आहे का? ती इन्सुलिन घेते का? अल्कोहोल यकृतात ग्लुकोज तयार होण्याची वाट अडवतं, हे मागच्या सत्रात शिकवलं आहे. इन्सुलिनवर असलेली मुलगी रात्री साखर उतरून कोसळली, तर तुम्ही सगळे 'चढलीय तिला' म्हणून हसत बसाल. तिला फिट्सचं औषध चालू आहे का? परीक्षेच्या ताणासाठी डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलं आहे का? असेल तर अल्कोहोल आणि बेन्झोडायझेपिन ही दोन्ही गाबा रिसेप्टरवरच काम करतात, दोघांची बेरीज नुसती बेरीज राहत नाही, आणि श्वास मंदावत जातो. हा प्रश्न मी व्हायव्हात विचारला तेव्हा घडाघडा उत्तर देणारा मुलगा कालच्या चौघांत होता. परीक्षेत मार्क मिळवायला येतं आणि माणसासमोर आठवत नाही, ते शिक्षण काय कामाचं?

आता स्मरणाबद्दल ऐका, कारण सगळ्यांत जास्त अडाणीपणा इथेच आहे. बेन्झोडायझेपिनच्या किंवा भरपूर अल्कोहोलच्या अमलाखाली माणूस दर वेळी बेशुद्ध पडतोच असं नाही. तो चालतो, बोलतो, हसतो, रिक्षात बसतो. पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस त्या काळात नव्या आठवणी साठवत नाही. अँटेरोग्रेड अम्नेशिया, व्याख्या तुम्हाला पाठ आहे. दुसऱ्या दिवशी ती मुलगी सांगते, मला काही आठवत नाही. आणि तुमच्यासारखे दहा जण सांगतात, आम्ही पाहिलं ना, स्वतःच्या पायांनी चालत गेली त्याच्याबरोबर, हसत होती. ती चालत होती म्हणजे ती शुद्धीत होती, असं म्हणणाऱ्याला मी फार्माकॉलॉजीत नापास करीन. आणि तिच्या हसण्याला तिची संमती मानणाऱ्याची जागा तुरुंगात आहे. भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. नशेमुळे किंवा कुणी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे, आपण कशाला हो म्हणतो आहोत हेच जिला समजत नाही, तिचं हो हे हो नसतं. गुंगीचा पदार्थ त्या माणसाने स्वतः दिला की दुसऱ्याकरवी दिला, याने काही फरक पडत नाही.

"पण मॅडम, आमच्या मनात तसलं काही नव्हतं." हे वाक्य तुमच्या ओठांवर आहे, मला दिसतंय. त्याच संहितेचं १२३ वं कलम वाचा. पूर्वी दंड संहितेत ते ३२८ व्या क्रमांकावर होतं. इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने, अथवा याने इजा होऊ शकते हे ठाऊक असताना, कुणालाही गुंगीचा, नशेचा किंवा अपायकारक पदार्थ दिला तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शेवटची अट नीट ऐका: ठाऊक असताना. रस्त्यावरचा माणूस कदाचित म्हणेल, मला कल्पना नव्हती. तुम्हाला ते म्हणता येणार नाही. चार वर्षं तुम्ही हेच शिकलात. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, तर ओतणारा हात एकाचा असला तरी कायदा सगळ्यांना धरतो.

याला 'गंमत' म्हणू नका. ज्या गमतीत एकीला आपण खेळात आहोत हेच ठाऊक नसतं, ती तिची गंमत नव्हे. बाकीच्यांनी तिच्या शरीराचा केलेला तमाशा आहे तो.

तुमच्यातले काही जण पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी ब्रिटनला जाणार आहेत. तिथे काय झालं ते माहीत असू द्या. २०२१ च्या शरद ऋतूत, कोविडनंतर क्लब पुन्हा उघडले होते आणि विद्यापीठांची नवी वर्षं सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या विद्यार्थिनी सांगू लागल्या की आपल्या पेयात काहीतरी मिसळलं गेलं. काहींनी तर सुई टोचल्याचं सांगितलं. सुई टोचल्याच्या तक्रारींचा आकडा काही महिन्यांत हजाराच्या वर गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस 'गर्ल्स नाइट इन' म्हणून शहराशहरांत मुलींनी एकेक रात्र क्लबांवर बहिष्कार टाकला. क्लबच्या दारात झडती सक्तीची करा, या मागणीच्या अर्जावर दीड लाखांहून जास्त सह्या झाल्या. पार्लमेंटच्या गृहविषयक समितीने चौकशी केली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये अहवाल दिला.

सुईतून औषध गेल्याचे ठोस पुरावे फारसे हाती लागले नाहीत, हेही खरं आहे. त्यावर लगेच, "बघा, पोरी उगाच बोंब मारतात" असं म्हणणारे तिथेही निघाले. तुम्ही शास्त्राचे विद्यार्थी आहात, तुम्ही असं म्हणायचं नाही. पुरावा सापडला नाही आणि गुन्हा घडला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीएचबी या गुंगीच्या द्रव्याचं उदाहरण घ्या. रंग नाही, चव थोडी खारट, ती कॉकटेलमध्ये लपून जाते. रक्तात ते साधारण सहा ते आठ तास सापडतं, लघवीत साधारण बारा तास. रात्री अकराला ग्लासात पडलं, मुलगी सकाळी दहाला जागी झाली, दुपारपर्यंत लाजेने रडत बसली, संध्याकाळी मैत्रिणीने समजूत घालून तिला दवाखान्यात नेलं, तोवर रिपोर्ट कोरा. समितीसमोर आलेल्या अनेक जणींनी तर तक्रारच केली नव्हती. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांना वाटलं होतं. विश्वास न ठेवणारी माणसं हा पुरावा नष्ट करायला अशी मदत करतात. काल दारात हसलेल्या मुलींनो, उद्या तुमची मैत्रीण अशी उठली, तर ती तुमच्याकडे येईल का? काल तुमचं हसणं ऐकलं असतं, तर आली नसती.

आणि हे फक्त क्लबातल्या परक्या माणसांचं काम आहे, असा समज असेल तर फ्रान्सकडे बघा. डोमिनिक पेलिको नावाच्या माणसाने जवळजवळ दहा वर्षं स्वतःच्या बायकोच्या जेवणात आणि पेयात गोळ्या कुटून घातल्या, आणि ती गुंगीत असताना परक्या पुरुषांना घरी बोलावलं. तिला दिवसच्या दिवस आठवत नसत. आपल्याला मेंदूचा काही आजार जडला, या भीतीने ती डॉक्टरांकडे खेटे घालत राहिली. २०२४ च्या डिसेंबरात अविन्योंच्या न्यायालयाने त्याच्यासह ५१ जणांना दोषी ठरवलं, त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. हा खटला उघड्या न्यायालयात चालवा, असा आग्रह जिसेल पेलिको यांनी स्वतः धरला होता. ती गोळी कोणती होती? लोराझेपाम. शेकडो दुकानांच्या कपाटात असते ती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषध दुकानाच्या काउंटरवरून घेतलेली.

म्हणून हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे आणि कॉमर्सच्या मुलांना सांगण्यापेक्षा जास्त कडक शब्दांत सांगते आहे. वर्षभरात तुमच्या हाती रजिस्ट्रेशन येईल. तुम्ही काउंटरमागे उभे राहाल आणि या गोळ्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असेल. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये का टाकली आहेत? चिठ्ठी बघायची, वेगळ्या वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि संख्या लिहायची, आणि ती वही तीन वर्षं जपायची, हा नियम कशासाठी आहे? तुम्हाला तो कारकुनी वाटतो. मागच्या ट्रेनिंगहून आल्यावर तुमच्यातल्याच एकाने मला सांगितलं, "मॅडम, ओळखीचा असला की एक स्ट्रिप देतात तशीच. वही महिन्याच्या शेवटी भरतात." हे सांगताना त्याला काही खटकलंही नव्हतं. ओळखीच्या माणसाला वही न भरता दिलेली ती स्ट्रिप कुणाच्या ग्लासात जाते, हे तुम्ही कधी बघायला जाणार आहात? कुंपणच शेत खाऊ लागलं तर राखण कोणी करायची?

आता लिहून घ्या. ह्या गोष्टी परीक्षेत विचारणार नाही, पण यांतली एकही विसरलेली मला चालणार नाही.

सोबतची मुलगी अचानक, प्यायल्याच्या मानाने फारच जास्त गळून गेली, शब्द अडखळू लागले, डोळे मिटू लागले, तर तिला क्षणभरही एकटी सोडायची नाही. 'मी सोडतो घरी' म्हणणाऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही, तो कितीही सभ्य दिसो. बाउन्सर तिला उचलून रस्त्यावर ठेवायला लागला, तर आडवे व्हा, मॅनेजरला बोलवा, आरडाओरडा करा. ग्राहक शुद्धीवर असेपर्यंत त्याच्याकडून बिल घ्यायचं आणि शुद्ध हरपली की त्याला दाराबाहेर टाकायचं, हा धंदा कुठल्याही क्लबला करू देऊ नका. कॉफी पाजू नका, लिंबूपाणी पाजू नका, थंड पाण्याखाली उभी करू नका. याने रक्तातलं काहीही उतरत नाही, उलट उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला कुशीवर वळवा, श्वास मोजत राहा, १०८ किंवा ११२ फिरवा. ग्लासात उरलेलं पेय झाकून, बाटलीत भरून बरोबर घ्या. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, "पेयात काहीतरी घातल्याचा संशय आहे, रक्ताचे आणि लघवीचे नमुने आत्ता घ्या." वाटेत लघवीला जावंच लागलं, तर ती स्वच्छ डबीत धरा. क्लबला सांगून त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवायला लावा, नाहीतर काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं.

अत्याचार झाला असेल, तर सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला तिच्यावर तातडीने आणि मोफत उपचार करावेच लागतात. आधी पोलिसांत जाऊन या, असं सांगण्याचा अधिकार त्यांना नाही. आणि गोव्यात घडलेल्या गोष्टीची फिर्याद पुण्यातल्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येते. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं, तर ऐकून घेऊ नका.

मुलींनो, तुम्हाला स्वतंत्रपणे एकच सांगते. ग्लासावर हात ठेवा, ग्लास टाकून नाचायला जाऊ नका, दुसऱ्याने आणलेलं पिऊ नका, हे तुम्हाला सगळ्यांनी हजारदा सांगितलं आहे. मीही सांगते, सावध राहा. पण ज्या दिवशी तुमच्यातली एखादी फसेल, त्या दिवशी ही यादी तिच्या तोंडावर फेकू नका. "तिला कोणी सांगितलं होतं जायला?" हे वाक्य या वर्गात एकदा माझ्या कानी आलं, आणि ते एका मुलीच्या तोंडून आलं. जिच्या घरी असं बोलतात, तिथूनच हे उचललेलं असणार. ते तिथेच सोडून या. बँकेत चोरी झाली, तर पैसे बँकेत ठेवलेच कशाला, असं आपण विचारत नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीची यादी कुठे आहे? तुमच्या आयांनी, बापांनी, आम्ही शिक्षकांनी, तुम्हाला काय सांगितलं? सहलीला निघताना कुणी म्हणालं का, की बाबा रे, दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही? जिला नको म्हणायचं आहे तिचं नको पहिल्याच वेळी ऐकायचं? टेबलावरचा एखादा असलं काही करायला लागला, तर तोंडात मूग गिळून बसायचं नाही? कुणी सांगितलं नसेल, तर आज मी सांगते आहे. यापुढे माहीत नव्हतं म्हणायला जागा राहिली नाही.

काल दारात उभ्या सहा जणांपैकी एकानेही "गप रे, हे काय बोलतोस?" असं म्हटलं नाही. एकानेही. मला सगळ्यांत जास्त चीड त्याची आली आहे. बोलणाऱ्याच्या मनात घाण होती, ती मी समजू शकते. तुम्हा पाच जणांच्या मनात ती नव्हती, तरी तुम्ही हसलात, कारण गटातून वेगळं पडायची भीती वाटली. त्या भीतीच्या जोरावरच असली माणसं उभी असतात. त्यांना पाठबळ लागतं ते तुमच्या हसण्याचं आणि तुमच्या गप्प बसण्याचं.

पुढच्या वेळी कुणाचा हात दुसऱ्याच्या ग्लासाकडे गेला, की मनगट धरा. ग्लास तिथेच उलटा करा. जिचा ग्लास आहे तिला सगळ्यांसमोर सांगा, की तुझ्या ज्यूसमध्ये याने काहीतरी घातलं. तो रागावेल, 'लय शहाणा आलाय' म्हणेल, कदाचित परत बोलणार नाही. असा मित्र तुटला तर तुटू दे. त्याच्यावाचून तुमचं काही अडणार नाही.